राजाला एकच उडी

लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, नव्या पाट्या रंगल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. पावसानं सलग दगा दिला आणि गल्लीत टँकरची वाट बघणं हाच एक उद्योग होऊन बसला. उन्हात कोण उभं राहणार? म्हणून बायका रांगेत आपापला दगड ठेवून घरी जात. ज्याचा दगड, त्याचा नंबर. ही रीत सगळ्या गल्लीला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त देगलूरहून नव्या कचेरीत कारकून म्हणून आलेल्या मल्लिकार्जुनला.

त्यानं सायकल लावायला जागा करावी म्हणून एक दगड पायानं बाजूला सारला.

"ओ साहेब, लाथ कुणाला मारायलात?" घागर कमरेवर घेऊन रुद्राणी उभी होती.

"दगडाला."

"त्यो दगड न्हाई. ती मी हाय."

त्यानं दगडाकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग तिच्याकडंच. रुद्राणीनं पदर सारखा केला. तो सारखाच होता, पण हाताला काहीतरी काम हवं ना! तेवढ्यात त्या बाबानं दगड दोन्ही हातांनी उचलला, होता तिथं अलगद ठेवला आणि वर त्यालाच म्हणाला, "चुकलं माझं. बसा."

रुद्राणीला हसू आवरेना. टँकर यायचा होता, मग बोलणं आलंच.

"बुद्धिबळात असंच असतं बघा," तो म्हणाला. "लाकडाचा तुकडाच तो. ज्या मुलखात जाईल तिथलं नाव घेतो. आता आपला कोपऱ्यातला हत्ती… इंग्रजाकडं तो किल्ला झाला. बंगालात त्यालाच होडी म्हणतात."

"होडी? एवढं पाणी हाय त्यांच्याकडं?"

"आणि आपला उंट इंग्लंडात धर्मगुरू होतो, फ्रान्सात वेडा."

"म्हंजी एकच माणूस हिकडं स्वामी, तिकडं येडा. आमच्या गल्लीत बी हाय तसा एक." मग तिनं हळूच विचारलं, "आन वजीर?"

 "वजीर इराणातही वजीरच होता. साहेबाच्या मुलखात पोचला आणि… राणी झाला. आधी बिचारा एकेक घर चालायचा. पुढं राणीला असे पाय फुटले की अख्ख्या पटावर तिचंच राज्य."

"आन हिकडच्या राणीला टँकरपस्तोरच जायची परवानगी," रुद्राणी म्हणाली. पण राणी म्हणताना तो आपल्याकडंच बघत होता, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्या दिवशी घागर भरली का अर्धीच राहिली, हेसुद्धा तिला घरी जाऊन कळलं.

त्यानंतर कारकूनसाहेबाचाही एक दगड रांगेत आला. आधी मागं होता, मग सरकत सरकत रुद्राणीच्या दगडाला येऊन टेकला. शेजारच्या मल्लम्माकाकूनं एकदा दोन्हीकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "ह्या दोन धोंड्यांचं कायतरी चालायलंय बरं का." रुद्राणीचे कान तापले. खरं सांगायचं तर तिचा जीव जडला होता, आणि टँकर उशिरा आला की आता तिला बरंच वाटायचं.

पण एका सकाळी ती आली ती तोंड पाडून. "रविवारी मुरुडचे पाहुणे यायलेत. मला बघायला. अप्पांचं मन त्यांच्याकडं झुकलंय."

मल्लिकार्जुनच्या हातातली बादली खाली गेली. "मग… मी बोलू त्यांच्याशी?"

"बोला की. न्हाई म्हणतंय कोण? पण आमचे अप्पा पटावर बसल्याबिगर कुणाशी धड बोलत न्हाईत. आन मोहऱ्याचं नाव तोंडानं घेतल्याबिगर त्याला हात लावायचा न्हाई. त्यांच्या दुकानाच्या कट्ट्याचा कायदा हाय तसा."

त्या कायद्याला कारण होते महेबूबचाचा. दुकानाला लागून त्यांचं शिवणकाम चाले. रुद्राणीचे अप्पा, म्हणजे गुरुपादप्पा, ज्याला उंट म्हणत, त्यालाच चाचा फील म्हणत. आणि उर्दूत फील म्हणजे तर हत्ती. रोजची तंटेबाजी. शेवटी ठरलं, ज्यानं त्यानं आपलं नाव घ्यावं आणि गप चालावं. हे सगळं रुद्राणीनं समजावलं. एकच गोष्ट सांगायची राहिली, आणि नेमकी तीच नडली.

शनिवारी घरापुढच्या भुसार दुकानाच्या कट्ट्यावर डाव रंगला. आत ज्वारीच्या पोत्यांआड रुद्राणी कान देऊन उभी. मल्लिकार्जुन नावं घेत झकास खेळत होता. गुरुपादप्पा खुशीत येऊन "देगलूरला कुणाच्या घरातले तुम्ही?" इथपर्यंत आले होते. तेवढ्यात तो म्हणाला, "घोडा. शह. आणि अप्पा, ही मात."

गुरुपादप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "राजा," म्हणाले, आणि राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारून ऐटीत बाहेर काढला.

"हे काय?"

"आमच्यात राजाला डावात एक उडी असती."

"असा नियम पुस्तकात नाही."

"पुस्तक तुमचं, कट्टा माझा."

इथं शहाण्यानं गप बसावं. हा पठ्ठ्या पुस्तकातले नियम सांगत बसला. गुरुपादप्पांचा चेहरा लाल झाला. "महेबूब, ह्यांना चपला दाखव."

मल्लिकार्जुन उठला. एक पाय चपलेत गेला, दुसरा जाईना. तो आत बघत होता, पोत्यांकडं.  आता गेला तर गेलाच, आणि उद्या रविवार.

ती पदर खोचून बाहेर आली आणि त्याच्या जागेवर बसली. "डाव अर्धा मोडू नये, अप्पा. त्यांच्याकडून मी खेळते."

"खेळ," गुरुपादप्पा गुरगुरले. "पण नाव घेऊन."

तिनं वजिरावर बोट नेलं.  आवाज असा निघाला की शेजारच्या ओट्यावरची मल्लम्माकाकू सूप ठेवून उभी राहिली.

"आपल्याकडं वजीर, साहेबाकडं राणी,
मल्लिकार्जुनरावांचं नाव घेते मी रुद्राणी."

आणि तिनं वजीर सरळ राजापुढं नेऊन ठेवला.

 मल्लिकार्जुनच्या पायात होती ती एक चप्पलही निसटली. चाचांनी पटाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आणि सुईत दोरा ओवत म्हणाले, "गुरुपादप्पा, शह हाय."

"दिसतंय मला," गुरुपादप्पा म्हणाले. त्यांनी राजा उचलला. "राजाला एक उडी…"

"ती मघाशीच मारली की तुम्ही," रुद्राणी म्हणाली.

गुरुपादप्पांनी पटाच्या चारी बाजू बघितल्या. वजीर मारावा तर त्याला घोड्याचा जोर, आणि बाहेर पडायला घर नव्हतं. लेकीकडं बघत त्यांनी हातातला राजा पटावर हळूच आडवा केला.

"महेबूब, मुरुडला निरोप धाड," ते म्हणाले. "म्हणावं, आमच्याकडं पाहुण्यांना प्यायला पाणी न्हाई."

मग त्यांनी अनवाणी उभ्या असलेल्या मल्लिकार्जुनकडं बघितलं. "आन तुम्ही हो, उभे काय राहिलात? बसा. आत च्या ठेवायला सांगतो."