डावीकडे वळलेला शंख

गोगलगायीचे शंख आम्ही फेकत नाही. आतली गोगलगाय खाऊन झाली की सोडा घालून उकळायचे, वाळवायचे, बुटांच्या खोक्यात ठेवायचे. नाताळला तेच पुन्हा गोगलगायीचं मांस आणि लसूण-लोण्यानं भरायचे. आईच्या खोक्यातले काही माझ्याहून वयानं मोठे आहेत.

त्यात एक डावीकडे वळलेला. हजारोंत एखादाच सापडतो, म्हणून त्याला राजा म्हणतात. बाबांना तो लग्नाच्या वर्षी, पावसात, द्राक्षमळ्याच्या बांधावर मिळाला. तो त्यांचाच. मी हात घातला की जेवणाचा काटा उगारायचे, "सोलांज, राजाला हात लावायचा नाही हं!" आणि स्वतःच खो खो हसायचे.

मार्चमध्ये बाबा गेले. मीच तो शंख त्यांच्या कोटाच्या खिशात घातला आणि खिसा शिवून टाकला. काळा दोरा संपला होता, म्हणून निळ्यानं. शवपेटी माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली.

नोव्हेंबरात आई स्वयंपाकघरात पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण येईपर्यंत तशीच पडून. मग मी तिचं काही ऐकलंच नाही. नाताळचं जेवण झालं की तिला दिजाँला माझ्या घरी न्यायचं ठरलं. बॅग दाराशी तयार होती.

"अगं, शंख काढ," आई म्हणाली.

खोकं उघडलं. सगळ्यात वर तो होता.

"आई, हा दुसरा कुठून आणलास?"

"दुसरा कसला? कडेचा टवका बघ. तुझ्याच दुधाच्या दाताचा पराक्रम!"

टवका होता. पण शंखाचं तोंड बंद होतं. थंडीत जिवंत गोगलगाय खडूसारखं पांढरं झाकण लावून झोपते, तसं. चाळीस वर्षं आम्ही हा शंख उकळत होतो. आत जीव कुठला?

"झोपू दे त्यांना," आई हळूच म्हणाली.

"काहीतरीच काय!" मी चिडले. खरं तर घाबरले होते. "असलं खूळ घेऊन इथं एकटी राहणार तू? थांब, दाखवतेच. आत काही नाही."

सुरीच्या टोकानं झाकण फोडलं.

गोगलगाय नव्हती.

चिमटीत काहीतरी आलं. मी ओढत गेले. वीतभर निळा दोरा, टाक्याटाक्याला वाकडा झालेला. टोकाला माझी गाठ, शाबूत.

आईनं तिसरं ताट मांडलं.

"एकटी कुठंय मी?" ती म्हणाली. "बॅग आत ठेव, बाई."

मी ठेवली. दोरा बोटांना चिकटत होता. त्यावरची माती अजून ओली होती.