पाच पांढरे ठिपके

"कुणीही हात लावू नका," देवयानीने दम भरला आणि शेव्हिंग फोमने भरलेल्या ट्रेमधून डिस्क उचलली.

कुवेतमधल्या बनेद अल-गार भागातल्या त्या बाल्कनीत तिघं जण श्वास रोखून बसले होते. तेरा वर्षांची देवयानी, तिचा धाकटा भाऊ वेदांत आणि खालच्या मजल्यावरचा सर्फराज. देवयानीने फडक्याने फोम पुसला. निळाशार समुद्र छान उमटला होता. कुवेत टॉवर्स पांढरेशुभ्र दिसत होते. आणि चित्राच्या मधोमध बोटाएवढा एक पांढरा ठिपका होता, त्याच्याभोवती आणखी चार.

"ताई, परत तेच," वेदांत म्हणाला.

"दिसतंय मला. आंधळी नाहीये मी," देवयानी खेकसली आणि तिने फडकं भिरकावून दिलं.

खेकसणार नाही तर काय करणार? वरच्या मजल्यावरची क्षितिजा, तिची पहिलीपासूनची मैत्रीण, शनिवारी दुपारच्या विमानाने कायमची नाशिकला चालली होती. तिच्या बाबांची इथली नोकरी संपली होती. गेली दोन वर्षं दर शुक्रवारी ही चौकडी जाब्रियाच्या बागेत डिस्क गोल्फ खेळायची. म्हणजे गोल्फच, पण चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती फेकायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. यांची टोपली मळक्या कपड्यांची होती, ती गोष्ट वेगळी. क्षितिजाला जाताना दुकानात मिळत नाही असं काहीतरी द्यायचं, म्हणून परीक्षा संपल्या संपल्या त्यांनी तीन कोऱ्या डिस्क रंगवायला घेतल्या. दोन वाया गेल्या होत्या. आज गुरुवार. उरली होती एक डिस्क आणि जेमतेम एका खेपेपुरता रंग.

"आपण एकही नियम मोडलेला नाही," वेदांतने वही उघडली. "रंग पॉलिस्टरच्या कपड्यांचा घ्यायचा, सुती कपड्यांचा प्लॅस्टिकला धरत नाही. तोच घेतला. डिस्क आदल्या संध्याकाळी स्पिरिटने पुसायची. पुसली. वह्यांच्या चिकट कव्हरमधून टॉवर्स कापून चिकटवायचे, म्हणजे तेवढा भाग पांढरा राहतो. चिकटवले. फोमवर रंगाचे थेंब टाकायचे, काडीने फिरवायचे, डिस्क पालथी दाबायची आणि चोवीस तास हलवायची नाही."

"पुसल्यावर उघड्या बोटाने शिवायचं नाही, ते राहिलं," सर्फराज म्हणाला. "बोटाचं तेल लागलं की तिथे रंग धरत नाही."

"मी हातमोजे घातले होते," वेदांत रडकुंडीला आला.

"तुझी बोटं एवढी जाड कुठायत?" सर्फराजने डिस्क उजेडात धरली. "आणि दोन्ही डिस्कवर ठिपके सेम जागी आहेत. एक मध्ये, चार बाजूला. असं चुकून होत नाही. कोणीतरी करतंय हे."

वेदांतला एकदम काहीतरी आठवलं. "ताई, रात्री ओट्याच्या वरच्या फळीवर मी डिस्क फुलाफुलांच्या टिश्यूखाली ठेवली होती. सकाळी टिश्यू साधा होता."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"मला काय माहीत टिश्यूला महत्त्व असतं!"

संध्याकाळी चौकशी झाली. आई, म्हणजे उल्काताई, इस्पितळाच्या लॅबमधून दमून आल्या होत्या. "मी कशाला तुमच्या चकत्यांना हात लावू? उलट माझे हातमोजे तुम्हीच पळवता," त्यांनी उलटा आरोप ठेवला. बाबा, म्हणजे शशिकांतराव, रिफायनरीत इंजिनिअर. ते आल्या आल्या बाथरूममधून ओरडले, "माझा फोम कोण संपवतंय? चार दिवसांत दोन डबे?"

"इथे आमची वाट लागलीये आणि यांना फोमचं पडलंय," देवयानी पुटपुटली.

तिला डिस्क आत्ताच्या आत्ता फोममध्ये दाबायची होती. सर्फराज अडून बसला. "आधी चोर पकडू. तिसरी गेली तर चौथी नाहीये." मग तिघांनी डिस्क पुसली, नेहमीच्या फळीवर ठेवली, वर फुलाफुलांचा टिश्यू टाकला. सर्फराज राहायलाच आला.

शुक्रवारी पहाटे पाचला स्वयंपाकघरात दिवा लागला. जेवणाच्या टेबलाखाली सहा डोळे टक्क उघडे होते.

ड्यूटीचा शर्ट घालून शशिकांतराव गुणगुणत आत आले. त्यांनी टिश्यू काढून कचऱ्यात टाकला. डिस्क ओट्यावर ठेवली. वर तेलाचे थेंब सोडून पसरले. भाजणीचा गोळा ठेवला आणि थप थप थापायला लागले. मग तेलात बोट बुडवून त्यांनी थालीपिठाला मधोमध एक भोक पाडलं आणि भोवती चार.

"बाबा, थालीपीठ खाली ठेवा," टेबलाखालून वेदांतचा आवाज आला.

शशिकांतराव दचकून तव्यावर आपटणार होते. "अरे, तुम्ही काय करताय तिथे?"

"तुम्ही काय करताय?" देवयानी बाहेर आली.

"डबा करतोय. ड्यूटी आहे आज."

"कशावर?"

"ह्यावर. आईने थालीपिठासाठीच आणलंय ना? फार सोयीचं आहे. तिकडे आपण दुधाच्या पिशवीवर थापायचो. इथे दूध बाटलीत येतं, पिशवी कुठून आणू? आणि मी रोज पुसून जागच्या जागी ठेवतो हं, वर नवा टिश्यूसुद्धा घालतो."

देवयानीने दोन्ही बिघडलेल्या डिस्क त्यांच्यापुढे ओट्यावर आदळल्या. शशिकांतरावांनी मधल्या ठिपक्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं. बरोब्बर बसलं.

"बाकीचं तेल थालीपिठाबरोबर उचललं जातं," ते हळूच म्हणाले. "भोकातलं पुसूनही राहत असेल."

"चार दिवस, बाबा! चार दिवस आम्ही मरमर मरतोय. एकदा विचारलं असतंत तर? उद्या जातेय ती. परत येणार नाहीये." देवयानीला रडू फुटलं. रागाने की दुःखाने, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

शशिकांतरावांनी गॅस बंद केला. कपाटातून फोमचा नवा डबा काढून तिच्या हातात दिला. "चुकलं माझं. चला, आधी साबण, मग दोनदा स्पिरिट."

"तुमची बस?"

"जाऊ दे बस."

शनिवारी सकाळी डिस्क बाहेर निघाली. निळा समुद्र, पांढरे टॉवर्स आणि ठिपका एकसुद्धा नाही. उल्काताईंनी ती उलटून पालटून पाहिली. "नमुना कशाने बिघडला, हे आमच्या लॅबमध्येही इतक्या चिकाटीने कोणी शोधत नाही," त्या म्हणाल्या. "शाब्बास. मात्र हातमोजे विचारून घ्यायचे."

तेवढ्यात पाठीला सॅक लावून क्षितिजाच आली. तिने डिस्क घेतली, टॉवर्सवरून बोट फिरवलं. मग तिची नजर बाल्कनीतल्या दोन बिघडलेल्या डिस्ककडे गेली.

"हे ठिपके कसले?"

देवयानीने कपाळावर हात मारला आणि सगळी हकिगत सांगितली. क्षितिजा हसून हसून खाली बसली. मग तिने ठिपक्यांची एक डिस्क सॅकमध्ये घातली आणि चांगली देवयानीच्या हातात परत दिली.

"अगं, वेडी आहेस का? हिच्यासाठी जीव काढलाय आम्ही," देवयानी वैतागली.

"ही तू सांभाळ. मी आले की हिनेच खेळू. टॉवर्स फोटोतही दिसतील, पण काकांचं थालीपीठ मला नाशिकला कुठे मिळणार?"

शशिकांतरावांनी फॉईलमधलं गरम पुडकं क्षितिजाच्या हातात ठेवलं.

"कशावर थापलीत?" तिघांनी एकदम विचारलं.

"परातीवर," ते म्हणाले. "आईला विचारून."