ड्यूकचं नाक

पैज अगदीच फालतू होती. आमचा शेजारी फाइट पिंपं बांधायचा. मजुरीत मिळालेला नवाकोरा ग्रोशन, ड्यूकचा चेहरा उमटवलेलं नाणं, बोटांत नाचवत तो बियरच्या बाकावर येऊन बसला.

"बघ, काय चांदी आहे."

"चांदी कसली? तांब्याला आंघोळ घातलीय," मी म्हणालो. "पेला संपायच्या आत या ड्यूकचं नाक लाल करून दाखवतो."

"केलंस तर बाजाराच्या दिवशी कारंज्यावर चढून कोंबड्यासारखा आरवेन."

मी अंगठ्याने घासत सुटलो. चांदी उडाली, नाक लाल झालं. फाइट स्वतःचं नाक चोळत होता. "आग होतेय रे," म्हणाला. सगळा बाक खिदळला.

फाइटने तो ग्रोशन माझ्याकडेच टाकला; त्याचे मी लगेच पाव आणले. खोटं नाणं आमच्याकडे कुणी रात्रभर घरात ठेवत नाही.

सकाळी फाइटच्या नाकाचा शेंडा सपाट झालेला. जखम नाही, रक्त नाही. दुपारपर्यंत भुवया गेल्या. त्याची बायको वाल्पुर्गा माझ्या दारात आली.

"ही तुमचीच चेष्टा ना? पुरे आता. थांबवा."

मी हसणारच होतो. मग माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं.

पाववाल्या अप्पोलोनियाकडे धावलो. "कालचा ग्रोशन परत दे. त्याच्या बदल्यात चांगला देतो."

"तू? आणि चांगला?" म्हातारी म्हणाली. "मीठवाल्याच्या गळ्यात मारला तो. मी काय लोणचं घालणार होते त्याचं?"

मीठवाल्याने तो जकात नाक्यावर खपवला होता. तिथल्या शिपायाने पेटी उघडली. सगळे ड्यूक तसलेच, लाल नाकाचे. हात लावायची माझी छाती होईना.

शिपाई मुठी भरभरून नाणी चाळत होता. "यातला कुठला तुझा लाडका?"

"हलवू नकोस," मी म्हणालो. "पाया पडतो तुझ्या."

त्याने पेटी धरून गदागदा हलवली.

बाजाराच्या दिवशी फाइट आला. तोंडावर फडकं बांधलेलं.

"जाऊ दे रे. पैज मोडली, मी हरलो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि कारंज्याच्या कठड्यावर चढला. लोक टाळ्या पिटायला लागले. त्याने फडकं सोडलं, छाती फुगवली, मान उंच केली.

तोंडाच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी.

टाळ्या थांबल्या.

मागे कुणीतरी नाणं एप्रनला घासत होतं, खरं की खोटं बघायला.

फाइटचे दोन्ही डोळे माझ्यावर होते.

मग एकच.