एकेचाळिसावा हुंकार

“आई, अजून एक. जरा आनंदी.”

रजईच्या आतून शेवंताबाईंनी हुंकार दिला... आनंदी हुंकार! काळजाचे तुकडे होत असताना, मे महिन्याच्या भर दुपारी, पंखा बंद करून, डोक्यावरून दोन रजया घेऊन बसलेल्या त्या माउलीने पोटच्या मुलाच्या मोबाईलमध्ये हसऱ्या आवाजात “हूं” म्हटलं. आणि तिच्या गालांवरून जे ओघळत होतं त्यात अश्रू किती आणि घाम किती, हे त्या अंधारात तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

“मस्त! अठ्ठावीस झाले,” बाहेरून ललित म्हणाला. जबलपुरातल्या रांझीच्या रस्त्यावरच्या मोटारसायकली आवाजात येऊ नयेत म्हणून रजयांची कल्पना त्याचीच. “आता थोडं आश्चर्य वाटल्यासारखं.”

शेवंताबाईंना आश्चर्य वाटतच होतं. एका बाईची एकतीस वर्षं चाळीस हुंकारांत आटोपतात, याचं!

त्यांचे यजमान गुलाबराव तिथल्याच खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. पण त्यांचा खरा जीव कथेत. दर रविवारी संध्याकाळी शहरातल्या गढा भागात समाजाच्या ओट्यावर बसून ते जुन्या राजाराण्यांच्या कथा सांगत, आणि ऐकणाऱ्याला घोड्याच्या टापांची धूळ नाकात गेल्यासारखी वाटे. गढ्याच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या गोंड कथेकऱ्याने त्यांना ही विद्या दिली होती आणि पायावर हात ठेवून एक वचन घेतलं होतं: कथा एकट्याने सांगायची नाही. शेजारी हुंकार देणारा हवा. सांगणारा वाक्य टाकतो, हुंकार देणारा “हूं” म्हणून ते मंजूर करतो. आणि एकदा हुंकार पडला की ते घडलं! मग ते मागे घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तो हुंकार शेवंताबाईंचा. माहेरी, हिंगणघाटला, त्या भीमगीतं गायच्या तेव्हा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जाई. लग्नानंतर त्या आवाजाचं एकच अक्षर उरलं. त्या एका अक्षरासाठी त्यांनी बहिणीच्या मुलीचं लग्न चुकवलं, कारण ते रविवारी होतं. दाढ उपटायला त्या सोमवारीच गेल्या. गुलाबरावांचा उजवा कान लहानपणी गालगुंडात गेलेला, म्हणून त्या नेहमी डाव्या हाताला बसायच्या. ती दीड हात सतरंजी म्हणजेच त्यांचं जग होतं!

आणि आता येत्या रविवारी समाजाच्या नव्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम होता. स्टेज, दिवे, पाहुणे. ललितने बाबांसाठी एक गुबगुबीत खुर्ची आणली होती. एकच.

“आई, तुमचे गुडघे किती दुखतात,” सून प्रियंका मायेने म्हणाली होती. “आता आप आराम करो ना. समोर बसून बघा.”

मोबाईलची व्यवस्था अशी, की बाबा बोलता बोलता थांबले की बरोबर दोन सेकंदांनी स्पीकरमधून आईचा एक हुंकार यायचा. कुठला, ते मोबाईल ठरवणार.

हे ठरलं तेव्हा गुलाबराव जेवत होते. शेवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द... फक्त एक शब्द त्यांनी बोलावा!

“चांगलं आहे,” गुलाबराव म्हणाले आणि वरण वाढायला सांगितलं.

शेवंताबाईंनी वरण वाढलं.

चाळीस झाले, तशी ललितने रजई उचलली. मुलाच्या कपाळावर केस चिकटले होते, डोळ्यांत केवढा आनंद होता! “आई, तुला वाईट तर नाही वाटून राहिलं ना?”

“हूं,” शेवंताबाई म्हणाल्या.

मोबाईलचं रेकॉर्डिंग अजून चालूच होतं.

रविवारी सहा वाजता हॉल भरला. शेवंताबाई चौथ्या रांगेत, नव्या साडीत, नातेवाइकाच्या लग्नाला आल्यासारख्या बसल्या. स्टेजवर दिव्यांच्या उजेडात गुलाबराव एकटेच. बसताबसता त्यांनी सवयीने डाव्या हाताला वळून पाहिलं. तिथे काळा स्पीकर होता. त्यांनी त्याला किंचित मान लववली.

कथा राणी दुर्गावतीची. सुरुवातीला सगळं छान जमलं. राणी हत्तीवर चढली... हूं. ढाली चमकल्या... हूं. आपलाच आवाज आपल्यावाचून संसार करतो आहे, हे शेवंताबाई पदराचं टोक चावत ऐकत राहिल्या. मेल्यानंतर माणसाला असंच दिसत असेल का?

मग तो प्रसंग आला. राणीच्या डोळ्याजवळ बाण, मानेत बाण. समोर शत्रू, मागे पुराने फुगलेली नदी. माहूत मागे वळून विचारतो, “महाराणी, हत्ती फिरवू? पार घेऊन जातो तुम्हाला.”

इथे गुलाबराव थांबत. आणि इथेच, एकतीस वर्षं, शेवंताबाई हुंकार देत नसत! सात-आठ श्वास त्या काहीच म्हणत नसत, आणि त्या शांततेत माणसं रडू लागत. मग राणी पळण्याऐवजी कट्यार काढून स्वतःवरच चालवी. गुलाबरावांना वाटे, लोक त्यांच्या शब्दांनी रडतात.

गुलाबराव थांबले.

दोन सेकंद झाले.

“हूं,” स्पीकर म्हणाला. अठ्ठाविसावा. आनंदी.

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. गुलाबरावांचा चेहरा पांढरा पडला. पण गुरूच्या पायावर हात ठेवलेला माणूस तो! हुंकार पडला, म्हणजे घडलं.

“हत्ती...” त्यांनी घाम पुसला. “हत्ती फिरला.”

“हूं.”

“नदीत उतरला... पार झाला...”

“हूं!” स्पीकरला आश्चर्य वाटलं.

पहिल्या रांगेतले शैलेंद्रजी, समाजाचे अध्यक्ष, उभेच राहिले. “अरे गुलाबराव जी! रानी को किधर ले जा रहे हो?”

“मी कुठं नेऊन राहिलो भैया?” गुलाबराव रडवेल्या आवाजात ओरडले. “हत्ती जाऊन राहिला!”

ललित मोबाईल बंद करायला धडपडत होता. पण घामाने ओलं झालेलं त्याचं बोट मोबाईल ओळखीना. तिकडे गुलाबराव जितके गोंधळून थांबत, तितके हुंकार पडत, आणि प्रत्येक हुंकारासरशी हत्ती पुढे जाई. गौर नदी मागे राहिली. जबलपूरच्या इतिहासातली सर्वांत शूर स्त्री, जबलपूरच्याच दोनशे लोकांसमोर, सदरच्या बाजारापर्यंत पळून आली होती!

गुलाबराव गप्प झाले. दोन सेकंद...

“हूं.”

हा वेगळा होता.

हा खोल विहिरीतून आल्यासारखा होता. गुलाबरावांचा डावा कान टवकारला. एकतीस वर्षांत शेवंताचे सगळे हुंकार त्यांना पाठ होते. युद्धाचा, नवलाचा, झोप आलेला, भाजी करपत असल्याचा. हा त्यांनी कधीच ऐकला नव्हता... कथेत अशी जागाच नव्हती, जिथे हा हुंकार द्यावा लागेल!

हातातला माईक खाली आला. कथा सोडून, राणी सोडून, गुलाबरावांनी दिव्यांच्या पलीकडच्या अंधारात हाक मारली, “शेवंता... महाराणी परत जाऊन राहिली. जाऊ देऊ का?”

चौथ्या रांगेत शेवंताबाईंनी पदराचं टोक तोंडातून काढलं. जी गोष्ट या मुखाने कधी उच्चारली नाही, सासूपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही, मुलापुढे नाही... ललितनेसुद्धा जिची नोंद केली नव्हती, कारण ती या घरात कोणी ऐकलीच नव्हती! गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

“अंहं!”

तीन गल्ल्यांचा आवाज होता तो. स्पीकरसुद्धा गप्प झाला. ललितचं बोट मोबाईलला एकदाचं ओळखू आलं होतं.

गुरूने अंहंबद्दल काहीच सांगून ठेवलं नव्हतं. गुलाबरावांनी क्षणभर विचार केला.

“हत्ती थांबला!” ते गरजले, आणि शैलेंद्रजी मटकन खाली बसले.

शेवंताबाई स्टेजच्या पायऱ्या एकेक करून चढल्या. माईक चालू आहे याचं भान दोघांनाही नव्हतं.

“काहून सांगितलं नाही तू मले?” गुलाबरावांचे डोळे भरून आले होते.

“तुम्ही विचारलं काहून नाही?”

“मले वाटलं, तुझे गुडघे दुखते. तुले आराम पाहिजे.”

“दुखते न जी. पण हूं काय गुडघ्यानं म्हणते का मी?”

हॉल हसला, आणि हसताहसता अर्धा हॉल डोळे पुसू लागला. ललित प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन धावत आला, ती डाव्या हाताला ठेवली आणि आईच्या पायांशी बसून मुसमुसला, “आई, मी तुला रजईत...”

“ऊठ, वेड्या. राणी रस्त्यात उभी आहे.”

मग हत्ती फिरला. सदरहून निघाला, गौर नदी ओलांडली आणि सगळे हुंकार उलट्या क्रमाने घेत रणांगणावर परत पोहोचला. माहुताने पुन्हा विचारलं, “महाराणी, हत्ती फिरवू?”

शेवंताबाई काहीच बोलल्या नाहीत.

एक श्वास... तीन... सात... हॉलमधला एकही माणूस हलला नाही. आणि गुलाबराव, तोंडात पुढचं वाक्य धरून, बायकोकडे पाहत होते. लोक कशाने रडतात, ते त्यांना आज कळत होतं.

पुढचा आठवडा घराला कठीण गेला. शेवंताबाईंना अंहं आवडू लागलं होतं. चहात अजून साखर घालू? अंहं. आई, आज कढी करता? अंहं. प्रियंका पहिल्यांदा दचकली, मग हसली आणि कढी कशी करतात ते विचारून घेतलं.

त्या रविवारी पुन्हा गढ्याचाच ओटा होता. सतरंजी अंथरल्यावर गुलाबराव सांगणाऱ्याच्या जागी बसेनात.

“आज तू सांग,” ते म्हणाले. “गाणं असलं तर गाणं पण म्हण.”

“आणि हूं?”

“मी आहो न.”

ललित पुढे बसला, मोबाईल घरी ठेवून. ते हुंकार पुसून टाकायचं त्याच्या मनात आलं होतं, पण एकेचाळिसावा पुसायला बोट धजेना. शेवंताबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला, समोर जमलेल्या वीसेक माणसांकडे पाहिलं आणि श्वास घेतला.

“हूं,” गुलाबराव म्हणाले.

“अजी, अजून मी सुरू तरी कुठं केलं?”

“हूं,” गुलाबराव म्हणाले, आणि खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.