जून की जुलै?

झेरॉक्स मशीनचं झाकण उचललं तर कोमट काचेवर एक पासपोर्ट पालथा पडलेला.

साबियानं दाराकडे पाहिलं. फेब्रुवारीतली दुपार होती. थेरगावच्या डांगे चौकात हॉर्नचा नेहमीचा गलका चालला होता, दुकानात मात्र दुसरं कुणी नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी चाकणच्या कुठल्याशा कंपनीचा करडा युनिफॉर्म घातलेला एक उंच माणूस आईच्या दवाखान्याच्या आणि स्वतःच्या कागदांच्या कॉपी काढून गेला होता. सेकंड शिफ्टची बस सुटेल म्हणून धावतच. हा त्याचाच असणार.

तिनं पासपोर्ट उघडला, तशी त्यातून एक कार्ड घरंगळून टेबलावर पडलं. कॅनडाचं. कायमच्या रहिवाशाला देतात ते. फोटोतला माणूस असा टक लावून बघत होता, जणू कॅमेऱ्यानं त्याला दरडावलंय. तिला हसू फुटलं... आणि नेमका त्याच वेळी तो धापा टाकत दारात उभा राहिला.

"माझा—"

"पासपोर्ट," साबिया म्हणाली. "नाव सांगा."

"तौफिक."

"जन्मतारीख?"

"अहो, आत फोटो आहे की!"

"फोटोतला माणूस फार घाबरलेला दिसतोय." तिनं एकदा फोटोकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "हं. तुम्हीच. घ्या."

तो हसला. त्याचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता, त्यामुळे हसू एका बाजूनं आधी यायचं. साबियानं पटकन नजर कॉम्प्युटरकडे वळवली.

"बस मिळेल ना?" तिनं विचारलं.

"गेली."

"मग आता?"

"आता..." त्यानं खिसे चाचपले आणि कंपनीचा गेट पास बाहेर काढला. "याची एक कॉपी काढून द्या."

"हा तर फक्त आजच्या दिवसाचा आहे."

"असू दे," तो म्हणाला. "आजचा दिवस बरा आहे."

तेव्हापासून तौफिकच्या घरातला एकेक कागद साबियाच्या दुकानातून फिरून जायला लागला. लाइट बिल, रेशनकार्ड, आधार... एकदा तर त्यानं दहावीचं मार्कशीट आणलं. शेजारीच साबियाच्या अब्बांचं, नूरमोहम्मदांचं, गॅरेज होतं. त्यांनी एकदा स्कूटरखालून मान काढून विचारलंच, "काय गं, हा पोरगा कागद खातो का?"

कंपनीची बस तौफिकला थेट दापोडीत सोडायची हे साबियाला ठाऊक होतं. दापोडीचा माणूस वाकडी वाट करून थेरगावात कशाला उतरतो, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं कारण सांगेल, अशी तिला भीती वाटायची... आणि सांगणार नाही, अशीही.

बोलता बोलता सगळं कळत गेलं. वेल्डिंगचे रोबो दुरुस्त करण्यात त्याचा हात बसलेला. त्या जोरावर २०२१च्या ऑक्टोबरात तो कॅनडात पोचला. दीड वर्ष राहिला, आपाच्या, म्हणजे बहिणीच्या, लग्नाला आला, परत गेला. दीड-दोन महिने होतात न होतात तोच अब्बा अचानक गेले. तो धावत आला आणि इथंच अडकला. त्याच्या अम्मी, म्हणजे झुलेखाबी, खुब्याच्या दुखण्यानं हळूहळू अंथरुणाला टेकल्या होत्या. म्हणून चाकणमध्ये कंत्राटी नोकरी, आणि आईचे दवाखाने.

"परत जाणार?" साबियानं एकदा कीबोर्ड पुसता पुसता विचारलं.

"जायचंय तर. ते कार्ड आलं तेव्हा अब्बांनी सगळ्या मोहल्ल्याला दाखवलं होतं." तो थोडा थांबला. "पण घाई कुठं आहे? कार्डाची मुदत यंदाच्या नोव्हेंबरपर्यंत आहे. अम्मीचं ऑपरेशन झालं, ती चालायला लागली, की सप्टेंबरात निघेन."

सप्टेंबर. साबियानं मनातल्या मनात महिने मोजले आणि उगाच तीच ती की पुन्हा पुसली.

बकरीद होऊन गेली. त्यानंतरच्या सोमवारी, एक जूनला, तो खुशीत आला. हातात डबा होता. "अम्मीनं आपाकडून करवून पाठवलाय. ऑपरेशनची तारीख मिळाली, बारा जून! आणि हे बघा, मी इकडं-तिकडं केव्हा केव्हा होतो त्या तारखा लिहून आणल्यात. तिथं गेल्यावर कार्ड नवं करून घ्यावं लागेल ना? फॉर्म आत्ताच भरून ठेवू या."

"ठेवा तिथं. बँकेत जाऊन या तोवर, मी बघते," ती म्हणाली.

फॉर्मबरोबरच्या सूचना सगळे न वाचताच खाली सरकवतात. साबिया वाचायची. तिसऱ्या पानावर तिची नजर अडकली. पाच वर्षांतले निदान सातशे तीस दिवस त्या देशात राहिलेलं असलं पाहिजे. कार्डावरची तारीख वेगळी, आणि ही पाच वर्षं वेगळी. त्याची पाच वर्षं पहिल्यांदा तिथं उतरला त्या दिवसापासून सुरू झाली होती आणि येत्या अकरा ऑक्टोबरला संपत होती.

तिनं त्याच्या यादीवरून तिथं राहिल्याचे दिवस मोजले. सहाशे एक. पुन्हा मोजले. सहाशे एकच.

एकशे एकोणतीस दिवस कमी पडत होते. म्हणजे येत्या पाच जूनला त्याचं पाऊल तिथं पडलं तरच जमणार. म्हणजे गुरुवारी निघायला हवं. आणि ऑपरेशन बाराला.

तिनं यादी पालथी घातली. तौफिक बँकेतून परत आला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "झाला फॉर्म?"

साबियानं त्याच्याकडे पाहिलं. तो एका बाजूनं हसत होता. तिच्या मनात एक विचार आला... चोरासारखा, पावलं न वाजवता आला. आपण काहीच बोललो नाही तर? तो सप्टेंबरपर्यंत इथंच राहील. आणि नंतर तर...

"सर्व्हर डाऊन आहे," ती म्हणाली. "उद्या बघू."

"उद्या तर उद्या!" तो म्हणाला. "डबा गार करू नका."

डबा गार झाला. साबियाला एक घासही गेला नाही. संध्याकाळी अब्बांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? ती नुसतं "उकडतंय" म्हणाली. आपण माणूस जवळ ठेवायला बघतोय, की त्याच्या बापानं मोहल्लाभर मिरवलेली गोष्ट त्याला न विचारता बुडवतोय, हा प्रश्न तिला रात्रभर झोपू देईना.

सकाळी तिनं दुकान उघडलंच नाही. स्कूटर काढली ती थेट दापोडीला, रेल्वेलाइनजवळच्या त्या गल्लीत. रेशनकार्डाच्या इतक्या कॉपी काढल्या होत्या की पत्ता पाठ होता.

दार तौफिकनंच उघडलं. "तुम्ही? इथं?"

"गुरुवारी निघावं लागेल तुम्हाला," साबिया दारातूनच म्हणाली. आधी बसावं, सलाम करावा, हे सगळं राहूनच गेलं. "नाहीतर कार्ड जाईल."

मग तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा अगदी पासपोर्टातल्या फोटोसारखा झाला. आत पलंगावर झुलेखाबी उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनाही सगळं ऐकू गेलं.

"जा तू, बेटा," त्या म्हणाल्या. "माझं हुईल कसं बी."

"कसं बी म्हणजे कसं, अम्मी? तुला टेबलावर ठेवून मी विमानात बसू? आपा एकटी काय काय बघेल?" तौफिक खाली बसला. "नाही जमणार. गेलं कार्ड तर गेलं."

त्याचा आवाज मध्येच फाटला. 'गेलं तर गेलं' म्हणणाऱ्या माणसाचा असा आवाज नसतो, हे साबियाला कळलं. काल जी गोष्ट तिला आतून हवीशी वाटली होती, ती आता तिच्या डोळ्यांदेखत होत होती... आणि तिला ती मुळीच नको होती.

"पासपोर्ट आणा," ती म्हणाली. "दोन्ही. जुनाही. मी फक्त तुमच्या यादीवरून मोजलंय."

खिडकीपाशी उजेडात बसून ती एकेक शिक्का बघायला लागली. पहिलं जाणं बरोबर. लग्नासाठी येणं बरोबर. मग दुसऱ्यांदा जातानाचा मुंबई विमानतळाचा शिक्का. त्याची शाई पसरलेली. सव्वीस तारीख स्वच्छ, साल २०२३ स्वच्छ, आणि महिन्याची पहिली दोन इंग्रजी अक्षरं, जे आणि यू, स्वच्छ. तिसऱ्या अक्षराचा नुसता डाग.

"हा जुलै कशावरून?" तिनं विचारलं.

"शिक्क्यावरूनच लिहिला की."

"शिक्क्यावर 'जे-यू' दिसतंय फक्त. जून की जुलै?"

तौफिकनं शिक्का डोळ्यांजवळ नेला. "मला... खरंच नाही आठवत. अब्बा गेले ना, त्याच्या आधीचं ते सगळं असं धुरकट झालंय."

"त्या वर्षीची बकरीद कुठं केली? इथं की तिथं?"

तो काही बोलायच्या आत पलंगावरून झुलेखाबी म्हणाल्या, "ह्यो कुठला हितं! म्या सवयीनं त्याच्या वाटणीची कलेजी बशीत काढली, तर त्याचे अब्बा म्हनले, अगं, पोरगं फोनमधी दिसतंय, त्याला फोनमधून भरवनार हाय का? लई हसलो व्हतो आमी. आन् ह्यो तिकडं एकला ब्रेड-अंडी खात बसला व्हता. त्यांची शेवटची बकरीद ती. मी इसरन व्हय?"

साबियानं फोनवर ते साल शोधलं. "एकोणतीस जून," ती म्हणाली. "बकरीद एकोणतीस जूनला होती. म्हणजे तुम्ही त्याच्या आधीच गेला होतात. जुलै कसा असेल?"

तौफिक उठलाच. जुन्या ईमेलमध्ये तिकीट सापडायला पाच मिनिटं लागली. मग त्यानं फोन तिच्यापुढे धरला. सव्वीस जून.

"तीस दिवस वाढले!" साबिया जवळजवळ ओरडलीच. "सहाशे एकतीस झाले. आता पाच जुलैला उतरलात तरी चालतं. पण ताणू नका हं, एक तारखेलाच निघा. बाराला ऑपरेशन, त्यानंतर चांगले अठरा दिवस मिळतात अम्मींसाठी. पुढे आपा आहेतच."

तौफिकनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले तेव्हा तिला वाटलं तो रडतोय. मग कळलं, हसतोय. मग कळलं, दोन्ही. झुलेखाबींनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आता तरी बसशील का पोरी? आल्यापास्नं पानी बी न्हाई घेतलंस."

चहा झाला, खारी झाली. निघताना तौफिक तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. ऊन चढलं होतं. रुळांच्या बाजूनं गरम वारा येत होता आणि तिची ओढणी राहून राहून त्याच्या हाताला लागत होती. दोघांपैकी कुणीही ती आवरली नाही.

"मला एक सांगायचंय," साबिया स्कूटरपाशी थांबून म्हणाली. "हे मला काल दुपारीच कळलं होतं."

"पण काल तर सर्व्हर..."

"सर्व्हर चालू होता." तिनं मान खाली घातली. "वाटलं, सांगितलं नाही तर तुम्ही राहाल. एक दुपार, एक रात्र... मी असा विचार केला. माझी मलाच लाज वाटली."

तिनं स्कूटरला किल्ली लावली.

"थांबा ना," तो म्हणाला. "दारात उभं राहून तुम्ही 'गुरुवार' म्हणालात... तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं, सांगू? कार्ड नाही. अम्मीसुद्धा नाही. म्हणजे आता हिच्याबरोबर फक्त दोनच दिवस, हे आलं. मग लाज कुणाला वाटायला हवी?"

साबियानं वर पाहिलं. मग ती कामाचंच बोलली, "पण ऑक्टोबरनंतरही लगेच येता नाही येणार. ती पाच वर्षं रोज पुढे सरकतात, तसे मागचे दिवस एकेक करून गळत जातात. तिथं राहावंच लागेल तुम्हाला."

"राहीन. दोन वर्षं पुरी करून मग महिनाभर येईन. तेवढं चालतं?"

"चालतं," ती हळूच म्हणाली. "महिनाभर चालतं."

"निकाहला महिना पुरेल?"

तिचे कान गरम झाले. "हे असं... रस्त्यात विचारतात?"

"साबिया," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं साबिया. "तू येशील माझ्याबरोबर? आज नाही, उद्या नाही. कागदांना लागेल तेवढा वेळ लागू दे. पण येशील?"

"आधी अब्बांना भेटायला ये," ती म्हणाली. "कागद न आणता."

"आणि तुझं उत्तर?"

"हो," साबिया म्हणाली. "हो ना... कधीपासून."

तिनं घाईघाईनं हेल्मेट चढवलं, कारण चेहरा तिच्या ताब्यात राहिला नव्हता. कासारवाडीच्या सिग्नलला ऊन नुसतं भाजत होतं, पुढचा टँकर धूर सोडत होता, मागून कुणीतरी हॉर्नवर हॉर्न देत होतं. हिरवा दिवा लागला तरी साबिया हेल्मेटच्या आत एकटीच हसत उभी होती.