घाम्याचा डावा पाय

किमयाने बुटातून पाय काढला, मोज्यावरूनच अंगठ्याला चिमटा घेतला. चिमटा लागलाच नाही. तिने पुन्हा घेतला, या वेळी चांगली नखं रुतवून. छे! अंगठा जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

"काही होतंय का गं?" शेजारी स्की (बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना अडकवायच्या लांब पट्ट्या) पुसत बसलेल्या रिगझिनने विचारलं. रिगझिन लाहौलची, बोलायची तिच्या भाषेत. पण कॉलरवरचं दुभाषी बटण तिचं बोलणं चटकन मराठीत करून सांगायचं.

"कुठं काय," किमया म्हणाली आणि तिने पाय घाईघाईने मांडीखाली दडवला.

खोटं बोलताना तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. हिमालयातल्या लाहौल खोऱ्यातल्या या हिमशाळेत देशभरातून मुलं यायची, आणि इचलकरंजीहून इथवर पोचलेली किमया सातपुते पहिलीच. उद्या सकाळी जोडचाचणी होती. दोघींनी बर्फातून धावत टेकडी चढायची, वर एकमेकींची वाट बघायची, मग स्की अडकवून जोडीने खाली यायचं. एक बाद झाली की दुसरीही बाद. रिगझिनची गेल्या हिवाळ्यातली जोडीदारीण आजारी पडून घरी गेली होती, त्यामुळे बिचारीचं अख्खं वर्ष फुकट गेलं होतं. यंदा ती सगळ्यांना सांगत सुटली होती, "आता माझ्याकडे किमया आहे!"

आणि उद्या प्रत्येकीच्या मोज्यात बोटमापक बसवणार होते. बोटांचं तापमान ठरलेल्या खुणेच्या खाली गेलं, की तो शिट्टी मारणार. शिट्टी वाजली की जोडी बाद.

किमयाला कळत नव्हतं ते एवढंच, की तिचेच पाय का गारठतात? कपडे तर तिच्याच अंगावर सगळ्यांत जास्त. रिगझिन एकच टाइट्स (पायाला सगळीकडून हलकेच आवळून धरणारी, अंगासरशी बसणारी विजार) घालून बकरीसारखी उड्या मारत फिरायची. किमयाच्या टाइट्सच्या आत मात्र आणखी एक विजार होती, बाबांनी स्वतःच्या कारखान्यात खास तिच्यासाठी विणलेली, लोण्यासारखी मऊ, शंभर टक्के सुती. "आपण सुताची माणसं. अंगाला सूत लागलं की कशाची भीती नाही," असं म्हणून त्यांनी ती बॅगेत सगळ्यांत वर ठेवली होती. शिवाय टाइट्स किमयाने मुद्दाम एक माप लहान घेतली होती. जितकं घट्ट तितकं उबदार, असा तिचा साधा हिशेब.

पाय चोळून चोळून मुंग्या आल्या, मग थोडी जाण आली. तेव्हा कुठे ती उठली आणि कपडेखोलीकडे निघाली. आणखी एक टाइट्स मागायची, आणखी लहान मापाची, आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

कपडेखोलीत घाम्या होता. घाम्या हा यंत्रमानव खरा, पण अर्धाच. कमरेखाली झकास दोन पाय आणि कमरेवर काहीच नाही! आवाज यायचा उजव्या गुडघ्यातून. त्याच्या पायांना हजारो बारीक छिद्रं होती आणि त्यांतून तो माणसासारखा घाम गाळायचा. कुठला कपडा किती ऊब देतो हे तपासायचं, एवढंच त्याचं काम.

"या, या!" गुडघा म्हणाला. "काय हवंय?"

"अजून एक टाइट्स. लहान मापाची. वरून घालायला."

"तिसरी? आणि पाय कुठे ठेवणार, खिशात?"

एरवी ती हसली असती. आज मात्र तिला घाई होती. "देतोस का नाही?" ती जवळजवळ ओरडलीच.

त्या आवाजाने आतल्या खोलीतून बापूआजोबा बाहेर आले. डॉक्टर बापूसाहेब म्हणजे बाबांचे सख्खे काका. इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेले, कापडाच्या शास्त्रात मोठं नाव कमावलेले आणि आता हिमशाळेची कपड्यांची प्रयोगशाळा सांभाळणारे. त्यांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं.

"काय गं बाय? तोंड का उतरलंय? बस. बूट काढ."

"नको आजोबा."

"काढ म्हणतो ना!"

बूट निघाले, मोजे निघाले. बोटांची टोकं अजून पांढुरकी होती. आजोबांनी एका बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख गुलाबी व्हायला फार वेळ लागला. त्यांचा चेहरा गंभीर झाला तसं किमयाचं उरलंसुरलं अवसान गळालं.

"कालपासून बधिर होतायत," ती हुंदके देत म्हणाली. "कुणाला सांगू नका ना! मला घरी पाठवतील. रिगझिनचं वर्ष पुन्हा वाया जाईल."

"आणि बोटं वाया गेली तर? अगं वेडे, ही हिमदंशाची (थंडीने कातडीचं आणि आतल्या मांसाचं नुकसान होण्याची) सुरुवात असते! वेळेवर दिसलं म्हणून वाचलीस." आजोबांचा आवाज चढला होता, पण हात मात्र तिची पावलं शालीत गुंडाळत होते.

त्यांनी शाळेच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. कोमट पाण्यात पाय शेकल्यावर बोटं लालबुंद झाली आणि अशी ठणकू लागली, की किमयाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ठणका चांगला, जाण परत येतेय, असं बाई म्हणाल्या. सकाळी पुन्हा तपासून, सगळं ठीक असेल तरच उद्या सोडायचं, असं त्यांनी बजावलं.

"पण आजोबा, मी एवढं सगळं घालते, तरी असं का?"

"त्याचं उत्तर घाम्याच देईल. घाम्या, हिची सुती विजार आणि वरून लहान मापाची टाइट्स डाव्या पायात चढवा. उजव्या पायात योग्य मापाची एकच, आतून लव असलेली."

"कापा मला मधोमध, म्हणजे दोन विजारी दोन पायांत जातील," घाम्या कुरकुरला. पण आजोबांकडे अर्ध्या अर्ध्या विजारी तयारच होत्या. डाव्या पायाची आतली विजार तर बाबांनी नमुना म्हणून पाठवलेल्या कापडाचीच शिवलेली होती. घाम्याला शीतखोलीत (बाहेरच्याइतकी थंडी ठेवलेली काचेची खोली) उभं केलं. पडद्यावर दोन पायांची चित्रं उमटली, ऊब असेल तिथे लाल, गार पडेल तिथे निळी.

घाम्या जागच्या जागी धावू लागला. दोन्ही पाय लाल राहिले.

"बघा, डावा पण गरम आहे!" किमया म्हणाली.

"धावताना राहणारच. तुझे स्नायू (हाडांना हलवणारं मांस) धावताना उष्णता तयार करतात. आता घाम्या, थांबा. टेकडीच्या माथ्यावर जोडीदारणीची वाट बघताय असं समजा."

घाम्या थांबला आणि किमया पडद्याकडे बघतच राहिली. उजवा पाय लाल होता तो केशरी झाला आणि तिथेच टिकला. डावा मात्र केशरी, पिवळा, हिरवा होत होत बोटांपाशी चक्क निळा पडला.

"अरे बापरे, गारठलो!" घाम्या ओरडला. "डाव्या पायाला कुणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळलंय!"

"बरोब्बर बोलला," आजोबा म्हणाले. "किमे, उन्हाळ्यात आपण माठाला ओलं फडकं का गुंडाळतो?"

"पाणी गार व्हायला. फडक्यातलं पाणी उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जातं."

"शाब्बास. आता सांग, घाम कोण पितं?"

किमयाने घाम्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. उत्तर तिला कळलं होतं, पण जिभेवर येईना. "सूत," ती शेवटी पुटपुटली.

"सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. इचलकरंजीच्या उन्हात तेच सुखाचं. इथे मात्र तू धावतेस, सूत भिजतं, मग वर थांबलीस की वारा लागतो आणि तुझ्याच पायांचा माठ होतो. शिवाय ओल्या कापडातून उष्णता कोरड्या हवेपेक्षा कितीतरी भराभर निसटते."

"पण कापूस उबदार असतो ना? आमच्या गाद्या…"

"गादी चपटी झाली की पिंजून का घेता? कापूस तर तोच असतो."

किमयाने विचार केला. "पिंजल्यावर फुगतो. म्हणजे… आत हवा शिरते!"

"झालं! ऊब राखते ती अडकून बसलेली कोरडी हवा. स्थिर हवा उष्णतारोधक (उष्णतेला सहजासहजी पलीकडे जाऊ न देणारी) असते. या टाइट्सच्या आतल्या बारीक लवेत तीच हवा बसलेली आहे. तू लहान माप घातलंस, वर तिसरी चढवणार होतीस. म्हणजे लव दाबून टाकणार आणि हवा हाकलून देणार."

"आणि रक्ताचंही सांगा," घाम्याचा गुडघा दात वाजवल्यासारखा कडकडला.

"हो, ते राहिलंच. बोटांपर्यंत ऊब पोचवतं ते रक्त. टाइट्सने स्नायूंना हलकेच धरावं, म्हणजे धावताना ते फार हिंदकळत नाहीत. पकड घोट्यापाशी थोडी जास्त आणि वर मांडीकडे कमी हवी. पण नुसतंच आवळलं, तर रक्ताची वाट अडते. मग बोटांना ऊब कोण नेऊन देणार?"

तिचा हिशेब मुळातच चुकला होता. जितकं जास्त आणि जितकं घट्ट, तितकं गार!

मग निवड सुरू झाली. रॅकवरची सगळ्यांत पातळ टाइट्स नुसत्या धावण्यासाठी होती. स्की करताना अंगावर येणाऱ्या वाऱ्यापुढे ती टिकली नसती. सगळ्यांत जाड टाइट्स तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यात बसून डोंगर चढणाऱ्यांची. तिच्यात चढणीवर घामाच्या धारा लागल्या असत्या. किमयाने तिसरी उचलली. आतून लव, घाम बाहेर ढकलणारा धागा, मांडी आणि गुडघ्यांवर वारा अडवणारं कापड, गुडघ्यामागे घाम सुकायला जाळी. ती थेट अंगावर घालून किमया उकिडवी बसली. कंबर घसरली नाही. पोटरीवरचं कापड चिमटीत आलं, पण लोंबलं नाही. आजोबांनी नख दाबून सोडलं, तर ते लगेच गुलाबी झालं.

"आणि वर थांबलीस, की वरून ही सैल विजार चढवायची," आजोबांनी बाजूला चेन असलेली विजार तिच्या हातात दिली. "बूट न काढता."

सगळं समजलं तरी किमयाच्या छातीवरचा दगड उतरेना. बाबांना काय सांगायचं?

संध्याकाळच्या आत तिने फोन लावला. पडद्यावर बाबा आणि त्यांच्यामागे यंत्रांचा खडखडाट. तिने अडखळत सगळं सांगितलं. बाबांनी हात मागे नेऊन यंत्र बंद केलं. कामाच्या वेळी बाबांनी यंत्र बंद केलेलं किमयाने कधी पाहिलं नव्हतं, आणि ती घाबरून गेली.

"बाबा, सूत वाईट नाही हो, फक्त इथं…"

"सूत गेलं खड्ड्यात!" बाबांचा आवाज फाटला. "पाय दाखव. बोटं हलव बघू. सगळी हलव. करंगळी पण!"

किमयाने करंगळी हलवली. बाबांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "त्या आतल्या लवेचं कापड जरा जवळ धर. कसं विणलंय ते बघू दे."

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पाय तपासून मान डोलावली. तरीही चाचणीला उभी राहताना किमयाचे कान मोज्यातल्या शिट्टीकडेच होते.

चढण नीट पार पडली. माथ्यावर ती पहिली पोचली आणि मागे वळून पाहते तो काय, रिगझिन कुठेच नाही! वारा सुटला होता. तिने झटकन सैल विजार चढवली, चेन ओढली. बोटं बुटात वळवून पाहिली. ती हलत होती. पण रिगझिन येईना. पडली असेल का? आता वाजेल शिट्टी, आता वाजेल. किमया पाय आपटत राहिली. पाय गार पडत होते, पण ओले नव्हते, आणि आतली लव आपली ऊब सोडत नव्हती.

शेवटी वळणावर लाल टोपी दिसली. "बुटाची नाडी सुटली होती!" रिगझिन धापा टाकत ओरडली. "तुझी बोटं?"

"आहेत अजून! चल, स्की लाव!"

दोघी जोडीने खाली आल्या. पहिल्या उतारावर शिट्टी वाजली नाही, वळणावर वाजली नाही, आणि शेवटच्या झेंड्यापाशी किमयाने श्वास सोडला तेव्हाही मोजे गप्पच होते.

उबदार दिवाणखान्यात येताच आजोबांनी सगळे कपडे बदलायला लावले. किमयाने बॅगेतून बाबांची सुती विजार काढली. कोरडी, सैल, लोण्यासारखी मऊ. शेकोटीपाशी तिच्याइतकं सुख कशातच नव्हतं. तिकडे आजोबा आणि बाबा फोनवर तावातावाने बोलत होते. आतून लव, बाहेरून सूत, घाम मधल्यामध्ये पळवून लावणारं कापड इचलकरंजीत विणता येईल का, यावर दोघांचं जोरदार भांडण जुंपलं होतं, आणि घाम्याला तिथे पाठवण्याचं जवळजवळ ठरलंच होतं.

"पण बोटं खरंच ठीक आहेत ना?" रिगझिनने विचारलं. "की कालसारखं खोटं?"

"म्हणजे तुला काल कळलं होतं?"

रिगझिनने वाकून किमयाच्या अंगठ्याला असा जोरात चिमटा घेतला, की "आई गं!" ही किंकाळी फोनमधून थेट इचलकरंजीपर्यंत पोचली, आणि बाबा बोलायचे थांबून मोठ्याने हसू लागले.