थांबलं की तो बोलतो

भैयाजी गिरडहून परतले तेव्हा त्यांच्या कॅफेचं शटर अर्धं वर होतं आणि आत अंधार होता. लोडशेडिंग सुरू होऊन बराच वेळ झाला होता, त्यामुळे अंधाराचं नवल नव्हतं. नवल होतं ते आतून येणाऱ्या रडण्याच्या आवाजाचं.

त्यांनी टॉर्च लावला. तीन नंबरच्या कॉम्प्युटरपुढे साकेत जमिनीवर पडला होता. त्याचं डोकं प्रफुलच्या मांडीवर होतं आणि प्रफुलचा शर्ट रक्ताने भिजला होता. बाजूला लोखंडी स्टूल आडवं झालं होतं. स्टुलाच्या एका पायालाही रक्त लागलं होतं.

"काय केलं बे हे?" भैयाजी ओरडले.

प्रफुलच्या तोंडून शब्द फुटला नाही. गावाने तेवढ्यावरच निकाल लावून टाकला.

तीन दिवस झाले तरी साकेत सेवाग्रामच्या दवाखान्यात बेशुद्धच होता. प्रफुल कोठडीत होता आणि उद्या त्याची रवानगी तुरुंगात व्हायची होती. ठाणेदारांच्या मते केस सरळ होती. घटनेच्या आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर प्रफुल साकेतच्या अंगावर ओरडला होता, "गद्दाराले सोडाचं नाई! गोळीच घालाची!" टपरीवरच्या दहा जणांनी ते ऐकलं होतं. शिवाय साकेतचे वडील म्हणजे कृष्णकांत सर. त्यांच्याकडे इंग्रजी शिकून अर्धा तालुका नोकरीला लागलेला. त्यांच्या मुलाच्या डोक्यात स्टूल घालणाऱ्याची बाजू कोण घेणार?

घेतली असती ती एका चष्म्याने, पण चष्म्याला कोणी विचारलं नव्हतं.

उपनिरीक्षक प्रेरणा भोयर पहिल्या रात्री कॅफेत गेली होती तेव्हाच तिला तो दिसला होता. साकेतचा जाड काचांचा चष्मा मॉनिटरच्या डोक्यावर ठेवलेला होता. काड्या नीट मिटलेल्या, काचा वर केलेल्या. मारामारीत चष्मा उडतो, फुटतो, पायाखाली येतो. घडी होऊन मॉनिटरवर चढत नाही.

ठाण्याच्या पायरीवर सुलोचनाबाई बसल्या होत्या. वडनेरच्या किराणा दुकानदाराची ही बायको, प्रफुलची आई, तीन दिवसांत तिथून हलली नव्हती. पुढ्यातला डबा उघडलेला नव्हता.

"बाई, माह्या पोरानं बकरं कापतानाही कदी पाह्यलं नाई," त्या म्हणाल्या. "तुमी त्याले एकदा नीट इचारा ना."

प्रेरणाने कोठडीपाशी जाऊन प्रफुलला विचारलं.

"साकेतचा चष्मा तू काढून ठेवलास?"

"नाई मॅडम. मी आलो तवा लाइट गेलती. पायाले काईतरी लागलं, पाह्यलं तर साकेत."

"मग ओरडला का नाहीस? माणसं का बोलावली नाहीस?"

"डोकं खाली ठेवलं का रक्त जोरात ये. काय करू?"

"टपरीवर कोणाला गोळी घालायची म्हणत होतास?"

"कप्तानाले."

"कोण कप्तान?"

"गेममधला, मॅडम." प्रफुल हसला की रडला ते कळलं नाही. मग त्याने दोन्ही हातांनी गज धरले. "आता मले कंटाळा आला. मीच मारलं असं लिहून घ्या. माय तीन दिवसांपासून पायरीवर बसून हाय. तिले घरी जाऊ द्या."

अठरा-एकोणीस वर्षांचं पोर आईला जेवायला मिळावं म्हणून गुन्हा कबूल करायला निघालं होतं, आणि बाहेर गावाला चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची घाई झाली होती.

ती सेवाग्रामला गेली.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर कृष्णकांत सर बसले होते. दाढी वाढलेली, पाठ मात्र ताठ. शेजारी साकेतची आई, मीराताई होत्या. त्या तहसील कचेरीत कारकून. तीन दिवस रजेवर होत्या.

"सर, त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. पेपर तपासत होतो. ही कचेरीत होती."

"त्या कॅफेत कधी गेला होतात?"

"मी? त्या नरकाचं मी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. साकेत अभ्यासिकेत जातो असंच आम्हाला वाटत होतं. प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली, आणि हा तिथे माणसं मारत बसलेला!" सरांचा आवाज चढला. वर्गात चढत असेल तसाच. "काय खेळ आहे तो! एक म्हातारा भिंतीला टेकून बसलाय. हातात शस्त्र नाही. पाणी मागतोय हो, पाणी! आणि ही पोरं त्याच्या छातीत गोळी घालतात. वर चर्चा करतात, म्हणे कथा चांगली आहे. असल्या शाळेतून प्रफुलच बाहेर पडणार."

प्रेरणाला ते पटलं. खरं सांगायचं तर तिच्याही मनात हेच होतं. तिच्या भाच्याला ती यासाठीच रागावत असे.

"त्याचा चष्मा सापडला का?" मीराताईंनी मध्येच विचारलं. "डोळे उघडले की आधी चष्मा शोधेल. त्याच्याशिवाय त्याला ताटातलं वरण दिसत नाही. फक्त झोपताना काढतो, नाहीतर..."

त्या थांबल्या. नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा करू लागल्या.

"नाहीतर काय?"

"काही नाही."

संध्याकाळी प्रेरणाने भैयाजींना कॅफे उघडायला लावला. योगेंद्रलाही बोलावून घेतलं. प्रफुल, साकेत आणि योगेंद्र, असं हे त्रिकूट. कॉलेज सुटलं की तिघं इथेच पडीक.

"त्या दिवशी किल्ली साकेतकडे कशी?"

"मीच देल्ली," भैयाजी म्हणाले. "गिरडले नवस फेडाले जाचं होतं. साकेत म्हणजे भरवशाचा पोट्टा. म्हटलं, दुकान सांभाळ, गिऱ्हाइक नसलं का खेळ. आज तुह्या तास लिहीत नाई, पैसे नाई लागणार."

"आणि खेळ कोणता?"

योगेंद्रने सांगितलं. गेमचं नाव 'लास्ट फेरी'. एका कप्तानाने नदीवरचा पूल उडवला आणि त्याची स्वतःची पलटण पलीकडे अडकून मेली. वाचलेला एक शिपाई त्याला शोधत निघतो. जळालेली गावं तुडवत, वाटेत माणसं मारत, शेवटी नदीकाठच्या एका झोपडीत कप्तान सापडतो. मागे दार बंद होतं. समोर म्हातारा आणि आपल्या बंदुकीचा नेम. गोळी घातली की गेम संपतो.

"तुमचं भांडण कशावरून होतं?"

"त्याच्यावरूनच. प्रफुल म्हणते, गद्दार हाय, मारलाच पाहिजे. मी म्हणतो, दार लावून गेमवालाच मारायले लावून राह्यला, तर पाप त्याचं. आमाले काऊन लागन? साकेतले दोन्ही पटत नोहोतं. तो म्हणे, एवढी मोठी गोष्ट सांगणारा माणूस शेवटी नुसती गोळी नाई ठेवणार. दुसरा रस्ता असनच."

"सापडला होता त्याला?"

"नाई ना. आदल्या संध्याकाळी टपरीवर तेच तर चाललं होतं. प्रफुल म्हणे दाखव, अन् ह्याच्यापाशी दाखवाले काई नाई."

"तो म्हातारा पाणी कधी मागतो?"

योगेंद्रने भैयाजींकडे पाहिलं. "कोण? कप्तान? तो काईच नाई बोलत मॅडम."

"नीट आठव."

"आठवाचं काय त्यात! तोंडपाठ हाय. दार लागते, गोळी, खतम."

प्रेरणाने तीन नंबरच्या मशिनकडे बोट केलं. "चालू कर," ती म्हणाली. "मला बघायचंय."

योगेंद्र बसला. सवयीने शेजारचं स्टूल ओढलं आणि मग ओशाळला. ही पोरं तासाचे पैसे वाटून घ्यायची, म्हणून एका मशिनवर दोघं बसायची. एक कीबोर्डवर, एक माऊसवर. कीबोर्डवाल्याने चालायचं, माऊसवाल्याने मारायचं. कोणाचा नंबर कधी यावरून रोज भांडण.

आज तो एकटाच खेळला. झोपडी आली, दार लागलं, आणि त्याच्या बोटाने आपसूक गोळी झाडली. म्हातारा कोसळला.

"पुन्हा. या वेळी मारू नकोस."

"मंग काय करू?"

"हात काढ माऊसवरून."

त्याने हात मांडीवर ठेवले. पडद्यावर म्हातारा बसून होता. बाहेर बर्फ पडत होतं. काही घडेना. योगेंद्रची बोटं वळवळू लागली, भैयाजी घड्याळाकडे बघू लागले. लाइट जायची वेळ होत आली होती.

"हँग झाला वाटते," योगेंद्र म्हणाला.

"थांब."

आणि म्हाताऱ्याने मान वर केली. ओठ हलले. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. योगेंद्रने ती वाचली आणि त्याचा आवाज बसला.

"पाणी हाय का, म्हणते."

"बाप्पा!" भैयाजी म्हणाले. "इतक्या दिवसांत हा बुढा कदी बोलला नाई!"

शिपायाने आपोआप पाणी पुढे केलं आणि म्हातारा ते प्यायला. मग बोलत राहिला. पुलाच्या अलीकडे गावातली बायकामुलं होती. पूल उडवला नसता तर शत्रू त्यांच्यावर आला असता. पलटण की गाव, यात त्याने गाव निवडलं होतं. बोलणं संपलं तेव्हा मागचं बंद दार हळूच उघडलं. शिपाई बंदूक तिथेच टाकून बाहेर पडला.

"साकेत खरं बोलत होता बे," योगेंद्र पुटपुटला आणि बाहीने डोळे पुसू लागला. "आमी कदी थांबलोच नाई. तास चालू राह्यते ना मॅडम, थांबन कोण?"

लाइट गेली. अंधारात प्रेरणाने शेवटचा प्रश्न विचारला. "भैयाजी, कृष्णकांत सर वर्गात मारायचे?"

"मारायचे?" भैयाजींचा हात गालाकडे गेला. "लय जड हात. पण माणूस शिस्तीचा. माह्या चष्मा कदी फुटू देल्ला नाई."

ती त्याच पावली पुन्हा सेवाग्रामला गेली. दोघं त्याच बाकावर होती. प्रेरणा उभीच राहिली.

"सर, तो म्हातारा पाणी मागतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साकेतनेच सांगितलं असेल. घरी बडबडायचा."

"साकेतला आदल्या संध्याकाळपर्यंत ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर टपरीवर तो हरला नसता. प्रफुलला माहीत नाही, योगेंद्रला माहीत नाही, भैयाजींना नाही. गोळी न घालता खूप वेळ थांबलं तरच तो म्हातारा बोलतो, आणि तासाचे पैसे भरून थांबणारं तिथे कोणी नव्हतं. त्या एका दुपारी साकेतला तासाचे पैसे भरायचे नव्हते. तो थांबला. पाणी मागितलेलं त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यानंतर तो शुद्धीवर आलेला नाही. तो तुम्हाला सांगणार कधी?"

सरांनी नजर वॉर्डाच्या दाराकडे वळवली.

"म्हणजे त्या वेळी त्याच्या पाठीमागे जो उभा होता, त्यालाच हे ठाऊक असणार. पण त्यानेही पुढचं पाहिलं नाही. कारण पाणी मागितल्यावर त्या म्हाताऱ्याला गोळी लागत नाही, सर. त्याला पाणी मिळतं. गोळी तुम्ही मनाने घातलीत."

मीराताईंनी तोंडावर हात ठेवला.

"आणि चष्मा," प्रेरणा म्हणाली. "माझ्या शाळेतही एक गुरुजी होते. थोबाडीत देण्याआधी म्हणायचे, चष्मा काढून ठेव. भांडणारा मित्र असं सांगत नाही. आणि त्याच्या सांगण्यावरून कोणी मुकाट्याने चष्म्याची घडीही घालत नाही. हे सांगणारा एकच, आणि ऐकणाराही एकच. तुम्ही स्टूल उचललंच नाही. तुम्ही थोबाडीत मारली. तो स्टूलवरून पडला, त्याच्याबरोबर स्टूल आडवं झालं, आणि स्टुलाच्या पायावर त्याचं डोकं आपटलं."

"अहो," मीराताईंचा आवाज जेमतेम निघाला, "तुम्ही त्याला चष्मा काढायला लावलात?"

त्यांना तीन दिवसांपासून हेच विचारायचं होतं. विचारायचा धीर होत नव्हता.

सरांची ताठ पाठ एकदम वाकली.

"कोणीतरी सांगितलं, साकेत तिथे बसलाय," ते म्हणाले. "मी गेलो. माझ्या हाकेला त्याने मान वळवली नाही. म्हणाला, बाबा, दोन मिनिटं थांबा ना. थांबलं की तो बोलतो. खूप आनंदात होता हो. एवढ्या आनंदात मी त्याला दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. पडद्यावर तो म्हातारा पाणी मागत होता. मला वाटलं, आता हा गोळी घालणार. मी म्हटलं, चष्मा काढ. त्याने काढला." ते थांबले. "तो पडला आणि तेवढ्यात लाइट गेली. मला वाटलं, नाटक करतोय. मी निघून आलो."

"आणि प्रफुलचं काय?"

"लोकांनी त्याचं नाव आधीच ठरवलं होतं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"मास्तर," प्रेरणाचा तोल गेला आणि तिच्या गावची, आष्टीची बोली तोंडात आली, "त्याची माय तीन दिवस पायरीवर उपाशी बसून हाय. तुमाले ती नाई दिसली?"

सरांनी दोन्ही हात पुढे केले. बेड्यांची वेळ आली तेव्हा प्रेरणानेच नजर वळवली.

प्रफुल सुटला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सुलोचनाबाईंनी पायरीवरच डबा उघडला, पण तो एक घास खाऊन उठला आणि सेवाग्रामची बस पकडली.

साकेतच्या खाटेपाशी मीराताई होत्या. प्रफुलला बघून त्या उभ्या राहिल्या आणि हात जोडले. त्याने मान हलवली. पिशवीतून त्यांनी साकेतचा चष्मा काढला आणि प्रफुलच्या हातात दिला. प्रेरणाने तो त्यांना आणून दिला होता.

नर्स म्हणाली, "बोला त्याच्याशी. डॉक्टर म्हणतात, ऐकू येत असेल."

प्रफुलने स्टूल ओढलं. मग कानाशी वाकला.

"साकेत, तुह्यंच बरोबर निघालं बे. बोलते तो बुढा. योग्यानं पाह्यलं." त्याचा आवाज फुटला. "मी हरलो. उठून एकदा शिव्या तरी दे मले."

साकेतच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. नर्सने सलाइनची बाटली बदलली आणि भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं.

"मी थांबतो," प्रफुल म्हणाला.

"किती वेळ?"

त्याने चष्म्याच्या काचा शर्टाने पुसल्या, काड्या उघडून तो साकेतच्या उशाशी ठेवला आणि स्टूल आणखी जवळ ओढलं.

"तो बोलेपर्यंत."